एका होडीतले आठ जण



१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचे सुवर्णपदक पटकावणाऱ्या आठ जर्मन वल्हेकऱ्यांपैकी हान्स लेंक पुढे कार्ल्सरूह विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. एकी नसेल तर यश नाही, असे आपण म्हणतो; मीही प्रवचनात कितीदा सांगितले आहे! लेंक यांनी मात्र अभ्यासाअंती १९६५ साली दाखवून दिले की, अव्वल संघांतही गटबाजी आणि हेवेदावे असतात. तरी वल्ही एका ठेक्यात पडतात व शर्यत जिंकली जाते. मग प्रीतीची गरज काय?

होडीला रेषा गाठायची असते, तिथे अबोला चालून जातो. घराला, धर्मग्रामाला अशी रेषा कुठे असते? सण थाटात पार पडला आणि दोन सख्खे भाऊ न बोलताच घरी गेले, तर आपण काय जिंकलो?