ताप चढतो, दाब उतरतो

नागपुरात डागा रुग्णालयाच्या फाटकाशी सकाळी डबे आणि थर्मास घेऊन नातेवाईक उभे असतात. आत कुणाची लेक, कुणाची सून बाळंत झालेली. बाळंतिणीला ताप आला की घरातल्या म्हाताऱ्या बाया आजही धास्तावतात, आणि त्यात अडाणीपणा काहीच नाही. संसर्गाला तोंड देताना शरीराचा प्रतिसादच बेफाम झाला, म्हणजे सेप्सिस झाला, की नाडी धावते आणि रक्तदाब कोसळतो. हात मात्र सुरुवातीला गरमच लागतात.

हे गरम हात फसवे: वाहिन्या सैल पडल्याची ती खूण. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी आवळून असतात, म्हणून दाब टिकतो. वाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू किंचित किंचित सोडून त्यांना गरजेपुरतं सैल करतं. या वायूच्या कामाचा उलगडा करणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. दाह पेटला की मात्र गणित बिघडतं. जंतूंच्या आवरणातले विषारी अंश आणि इंटरल्यूकिन-१, टीएनएफ यांसारखे दाहाचे निरोप स्नायूपेशीपर्यंत पोचतात, आणि हाच वायू बनवणारं, एरवी तिच्यात नसलेलं एक विकर ती नव्याने घडवू लागते. त्याला काही तास लागतात. पण एकदा ते तयार झालं की आर्जिनिन हा कच्चा माल मिळेल तोवर वायू निघतच राहतो. जिने आवळायचं, तीच सैल पडते. टाकीत पाणी तेवढंच, पण इमारतीतले सगळे नळ एकदम सुटले, तर वरच्या मजल्यावर धार कुठून येणार? सलाइन चढतं, वाहिन्या आवळणारं नॉरअॅड्रेनालिन सुरू होतं. वाहिन्या त्यालाही पुरती दाद देत नाहीत. पांढऱ्या पेशी हाच वायू जंतू मारायला वापरतात, ते समजतं. स्नायूपेशीने तो का करावा, यात मला तरी शरीराचा शहाणपणा दिसत नाही.

मग हा वायूच रोखला तर? तसं औषध काढलंही. दाब वाढला, पण माणसं जास्त दगावली: २८ दिवसांत औषधाच्या गटात ५९ टक्के, दुसऱ्या गटात ४९. चाचणी मध्येच थांबवावी लागली. २००४ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. त्या औषधाने अस्तराचा उपयोगी वायूही बंद पाडला होता. शिवाय स्नायूपेशींचं हे वायू सोडणं उंदरांत जेवढं लख्ख दिसलं, तेवढं माणसांत स्पष्ट नाही.

दाह पेटूच नये, या बाजूने मात्र काही हाती लागलं, आणि त्यात नागपूर होतं. सात देशांतल्या २९,२७८ बायकांवर झालेल्या चाचणीत भारतातून नागपूर आणि बेळगाव ही दोन केंद्रं होती. नागपूरचं काम लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनकडे. कळा सुरू असताना अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा दोन ग्रॅमचा एकच डोस तोंडाने दिला. आईला सेप्सिस होण्याचं किंवा तिच्या मृत्यूचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ वर आलं. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. नवजात बाळांना मात्र फायदा दिसला नाही. आणि हीच गोळी आपण साध्या सर्दीला दुकानातून आणून खातो, त्यामुळे जंतू तिला किती लवकर सरावतील, ही धाकधूक अभ्यासकांना आहेच.