बाद पद्धतीचा न्याय

क्रिकेटच्या एखाद्या हौशी चषक स्पर्धेत २३ संघांनी नावे घातली, तर बाद पद्धतीने त्या स्पर्धेचे २२ सामने होतात. हे गणित शाळेतल्या मुलाला तोंडी सुटावे. प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवितो. शेवटी एकच उरायचा, म्हणजे २२ जणांना घरी पाठवावयाचे. परंतु या साध्या गणितात दडलेल्या एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. चषक देण्यासाठी म्हणून भरविलेली ही स्पर्धा वस्तुतः पराभव वाटण्याची व्यवस्था असते. एकाला चषक मिळतो, बाकी साऱ्यांच्या वाट्याला हार येते. म्हणूनच अशा स्पर्धेचे नियम जिंकणाऱ्यासाठी नसतात, ते हरणाऱ्यासाठी लिहिलेले असतात. जिंकलेला कर्णधार नियमांचा कागद कधी मागत नाही. तो मागतो हरलेला. आणि त्याला त्यात एकच गोष्ट पाहावयाची असते : आपण हरलो ते रीतीने हरलो काय?

या प्रश्नाला उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. मुळात बाद पद्धतच अन्यायाची आहे असे कोणी म्हटले, तर त्याला एकदम खोडून काढता यायचे नाही. वर्षभर सरावाला येणारा संघ एखाद्या रविवारी सकाळी दवाने ओल्या झालेल्या खेळपट्टीवर नाणेफेक हरतो, ५० धावांत बाद होतो आणि संपतो. त्याची योग्यता त्या एका सकाळीपुरतीच होती काय? साखळी पद्धतीत असे होत नाही. तेथे एका दिवसाचे नुकसान दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. मुंबईत १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग भर पावसाळ्यात, चिखलाच्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते. तेथे दैवाचा फटका ज्याला त्याला बसतो. पण पुढच्या रविवारी तोच माणूस पुन्हा उभा राहू शकतो.

मग साखळीच का नको? कारण न्यायाला वेळ लागतो, आणि वेळेला पैसा लागतो. त्याच २३ संघांची साखळी खेळवावयाची म्हटली, तर २५३ सामने होतात. आमखास मैदानावर काय किंवा गारखेड्याच्या क्रीडासंकुलावर काय, रविवारी दोन सामने धरले तर या हिशेबाने अडीच वर्षे लागतील. बाद पद्धतीत तेच काम अकरा-बारा रविवारांत उरकते. आपल्या शहरातली मुले दुकानांतून, चिकलठाणा-वाळूजच्या कारखान्यांतून, शिकवण्यांतून सुटून मैदानावर येतात. त्यांच्यापाशी आठवड्याचा एकच दिवस असतो. ज्यांच्यापाशी वेळ थोडा, त्यांच्या वाट्याला तोकडा न्याय येतो, ही गोष्ट केवळ मैदानापुरती खरी नाही. मोठ्यांचीही सुरुवात अशीच झाली होती. निजामाच्या राज्यात मराठवाडा असताना, १९३०-३१ साली, हैदराबादला मोइनुद्दौला सुवर्णचषक सुरू झाला तो बाद पद्धतीनेच; १९३४-३५ साली सुरू झालेली राष्ट्रीय अजिंक्यपदाची रणजी स्पर्धाही दोन तपांच्या आसपास बाद पद्धतीनेच चालली, आणि १९५७-५८ पासून तिच्यात विभागवार साखळी आली.

तेव्हा बाद पद्धत सर्वांत चांगला संघ शोधून काढते असा दावा करणे चुकीचे होय. ती फक्त एवढेच सांगते, की या इतक्या दिवसांत अमुक संघाला कोणी हरविले नाही. हा दावा लहान आहे, पण खरा आहे. आपला घोटाळा होतो तो या लहान दाव्याचा मोठा अर्थ लावल्यामुळे. परीक्षेच्या निकालाचेही आपण हेच करतो. तीन तासांच्या कागदावरून मुलगा हुशार की मठ्ठ हे आपण ठरवून टाकतो. वास्तविक त्या तीन तासांत त्याला काय लिहिता आले, एवढेच तो कागद सांगत असतो. परीक्षेत निदान पुरवणीची सोय आहे. चषकात ती नाही. तरीही चषकाची ही कठोरता आपण सोसतो, कारण पणाला लागलेली वस्तू लहान असते आणि आपण तेथे आपल्या पायांनी गेलेलो असतो. जेथे पणाला माणसाचे पोट लागलेले असते आणि दुसरी वाट नसते, तेथे हीच पद्धत लावणे हा निव्वळ क्रूरपणा ठरेल.

परंतु कठोर पद्धतही न्यायाने चालविता येते. ती तशी चालविणे म्हणजे काय, हा खरा प्रश्न. त्याची कसोटी लागते ती सामना बरोबरीत सुटला म्हणजे. साखळीत बरोबरी झाली तर गुण वाटून देता येतात. बाद पद्धतीत कोणी तरी पुढे गेलेच पाहिजे. अशा वेळी निकाल हवा असतो, आणि निकालाला आधार मात्र उरलेला नसतो. माणसाने या पेचातून निरनिराळ्या वाटा काढल्या आहेत. १९६८ साली युरोपच्या फुटबॉल स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांचा उपान्त्य सामना जादा वेळेनंतरही गोलशून्य राहिला, तेव्हा नाणे उडवून इटलीला अंतिम सामन्यात धाडले. १९९९ च्या क्रिकेट विश्वचषकात ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या दोघांच्याही उपान्त्य सामन्यात २१३ धावा झाल्या. आधीच्या फेरीतील क्रमवारीत वर असल्यामुळे ऑस्ट्रेलिया पुढे गेला. २०१९ च्या अंतिम सामन्यात इंग्लंड व न्यूझीलंड यांच्या २४१-२४१ धावा झाल्या, जादा षटकातही पंधरा-पंधरा झाल्या; मग चौकार-षटकार मोजले गेले आणि २६ विरुद्ध १७ या हिशेबाने इंग्लंड जगज्जेता ठरला. त्या सामन्यात न्यूझीलंडचे आठ गडी बाद झाले होते, इंग्लंडचे दहाही. कमी गडी गमावणारा श्रेष्ठ, हा हौशी मैदानांवरचा जुना संकेत लावला असता, तर चषक दुसऱ्या हाती गेला असता.

या तिन्हींत सर्वांत अन्यायाचे कोणते? बहुतेक जण नाण्याकडे बोट दाखवतील. मला तसे वाटत नाही. नाणे काहीच मोजत नाही, आणि मोजतो असे सोंगही घेत नाही. नाण्याने हरलेला माणूस दैवाला दोष देऊन घरी जातो. आपण कमी पडलो असे त्याला कोणी सांगितलेले नसते. आधीच्या फेरीची क्रमवारी निदान खेळूनच मिळविलेली असते. चौकारांची मोजणी मात्र एक विचित्र गोष्ट करते. कोणीही ज्या गोष्टीसाठी खेळत नव्हते ती गोष्ट मोजून ती म्हणते, की तुम्ही कमी ठरलात. धावून काढलेल्या दोन दोन धावा, म्हणजे घामाच्या धावा, तिच्या हिशेबात येत नाहीत. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात हा नियम बदलण्यात आला, आणि निकाल लागेपर्यंत जादा षटके खेळवावयाची असे ठरले. मात्र जुना निकाल बदलला नाही, हेही योग्यच झाले. कारण नियम वाईट असला तरी तो दोघांनाही आधी ठाऊक होता. यातून एक सूत्र हाती लागते असे मला वाटते : नियमाने एक तर ज्यासाठी खेळ चालला आहे तेच मोजावे, नाही तर आपण काहीच मोजत नाही असे उघड सांगावे. अर्धवट मोजणे हे न मोजण्यापेक्षा वाईट.

दुसरी कसोटी याहून अवघड आहे. नियमाचे अक्षर पाळून खेळाचाच गळा घोटला, तर काय करावे? २४ मे १९७९ रोजी इंग्लंडमध्ये वूस्टरच्या मैदानावर सॉमरसेटचा कर्णधार ब्रायन रोझ याने एका षटकानंतर, फळ्यावर एक धाव असताना, डाव घोषित केला. सामना हरला तरी चालेल, पण गटातील सरासरी बिघडू नये आणि बाद फेरीतली जागा पक्की व्हावी, असा त्याचा हिशेब होता. प्रतिपक्षाने दहा चेंडूंत सामना जिंकला. डाव घोषित करू नये असा नियम कोठेही नव्हता. तरीही नियामक मंडळाने १७ विरुद्ध १ अशा मतांनी सॉमरसेटला त्या वर्षीच्या स्पर्धेतून काढून टाकले. जे निषिद्ध नव्हते त्याबद्दल शिक्षा देणे न्यायाचे काय, असे विचारणारा माणूस मूर्ख खासच नव्हे. नियमाबाहेर जाऊन शिक्षा देण्याचा अधिकार आज सद्हेतूने वापरला गेला, उद्या तो आकसानेही वापरला जाईल.

या प्रसंगाशेजारी आपल्याकडचा एक प्रसंग ठेवून पाहावा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड हा रणजी स्पर्धेचा सामना चालला होता. काठेवाडच्या २३८ धावांना उत्तर देताना महाराष्ट्राने चार गडी गमावून ८२६ धावा केल्या होत्या, आणि भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम दहा धावांवर आला होता. काठेवाडने सामना सोडून दिला आणि संघ निघून गेला. त्या दहा धावा राहिल्या त्या कायमच्याच. निंबाळकरांना पुढे कसोटी सामनाही कधी खेळावयास मिळाला नाही. आता नियमाने पाहावे, तर हार कबूल करण्याचा अधिकार प्रत्येक संघाला असतो. काठेवाडने त्या अधिकारापलीकडे काही केले नाही. तरीही ही हकिगत ऐकणाऱ्याला पाऊण शतकानंतरही चुटपुट लागते ती का?

मला याचे कारण असे दिसते, की सामना हा दोघांनी मिळून केलेला करार असतो. आपण एकमेकांना हरविण्याचा प्रयत्न करू, पण खेळ मात्र एकमेकांना पुरवू, हे त्यातले न लिहिलेले कलम. रोझने प्रतिपक्षाला आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांना खेळ नाकारला. काठेवाडने एका माणसाला दहा धावा नाकारल्या. दोघांनीही आपला हक्क वापरला आणि दोघांनीही करार मोडला. अशा वागण्याला दोष द्यावा, नियम पुढच्या वर्षीपासून बदलावा, येथवर मी जाईन. परंतु न लिहिलेल्या कलमासाठी लिहिलेली शिक्षा द्यावी काय, याविषयी माझे मत नकाराकडे झुकते. लाज वाटावयास लावणे हे समाजाचे काम आहे; बाद करणे हे नियमाचे.

मग दयेला जागाच नाही काय? समजा, चाळीसगावचा संघ सकाळी निघाला आणि औट्रम घाटात वाहने तुंबल्यामुळे अडकून पडला. नियम असा, की अर्ध्या तासात मैदानावर न आल्यास प्रतिपक्षाला पुढे चाल मिळेल. प्रतिपक्षाचा कर्णधार भला माणूस आहे. तो म्हणतो, आम्ही थांबतो. आपला हक्क सोडून देण्याचा त्याला अधिकार आहे असेच आपल्याला वाटते, आणि त्याच्या मोठ्या मनाचे कौतुकही वाटते. परंतु गेल्याच रविवारी आणखी एक संघ असाच अडकला होता, आणि त्याच्यासाठी कोणी थांबले नव्हते. आज थांबलो, तर त्या संघाला काय सांगावयाचे? तुमचा प्रतिस्पर्धी तितका भला नव्हता, एवढेच? कोणाच्या तरी स्वभावावर अवलंबून असलेली दया ही घेणाऱ्याला गोड लागते. न मिळालेल्याला तीच अन्यायासारखी बोचते.

याचा अर्थ दया काढून टाकावी असा नव्हे. ती आधी लिहून ठेवावी. ‘दोन्ही कर्णधारांची संमती असल्यास आणखी एक तास थांबता येईल’ एवढी एक ओळ पहिल्याच दिवशी कागदावर असली, तर तीच सवलत सर्वांची होते. म्हणून माझ्या मते हौशी स्पर्धेचा सर्वांत महत्त्वाचा नियम हा, की सोडतीच्या चिठ्ठ्या काढण्यापूर्वी सारे नियम लिहून, वाचून दाखवून, सह्या घेऊन पुरे व्हावेत. कोण कोणासमोर येणार हे जोवर ठाऊक नाही, तोवर माणूस बराच न्यायी असतो. २३ संघांत नऊ जणांना पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल मिळते. ती कोणाला मिळणार हे ठरल्यानंतर तिच्याविषयी निर्मळ मनाने बोलणारा माणूस मिळणे कठीण.

शेवटचा नियम खेळाडूंच्या पात्रतेचा. पुष्कळ ठिकाणी असे ठरलेले असते, की हंगामात निदान अमुक सामने संघाकडून खेळलेल्यालाच चषकाच्या सामन्यात घ्यावे. अंतिम सामन्यासाठी बाहेरगावचा तगडा फलंदाज पैसे मोजून आणला, तर चषक कदाचित मिळेल. परंतु वर्षभर जाळी बांधणारा, चट्टई पसरणारा, दहाव्या क्रमांकावर जाणारा मुलगा त्या दिवशी सीमारेषेबाहेर बसेल. चषक कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर हा नियम देत असतो. येथेही एक भेद करावयास हवा. मुंबईच्या जुन्या चौरंगी-पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावर ठरत, आणि हिंदूंच्या संघात पळवणकर बंधूंसारख्या खेळाडूंना जातीमुळे कर्णधारपद वर्षानुवर्षे नाकारले गेले; विठ्ठल पळवणकरांना ते मिळाले १९२३ साली. १९४६ मध्ये त्या सामन्यांवर पडदा पडला. अट घालणे हा अन्याय नव्हे. मात्र ती माणसाला आपल्या कष्टाने पुरी करता येण्याजोगी असली पाहिजे. सरावाला या, ही अट कोणीही पाळू शकतो. अमक्याच्या पोटी जन्माला या, ही पाळता येत नाही.

इतके सगळे करूनही २२ संघ हरतीलच. त्यांतील काही दैवाने हरतील, काही पंचांच्या चुकीने, आणि पुष्कळसे आपल्यापेक्षा चांगल्या खेळामुळे. नियम त्यांना विजय देऊ शकत नाहीत. हरलेल्या मुलाने संध्याकाळी बॅट खांद्यावर टाकून घरी जाताना, आपल्याला कोणी फसविले नाही एवढे त्याच्या मनाशी स्वच्छ असावे, इतकेच त्यांना साधता येते. तेवढे साधले, तर पुढच्या वर्षी तो पुन्हा नाव घालतो. आणि स्पर्धा चालते ती त्याच्यामुळेच.