जीव नेमका केव्हा जातो?

मराठी घरात माणूस ‘मेला’ असं सहसा कुणी म्हणत नाही. तो ‘गेला’ म्हणतात. प्राण गेला, कुडीतून जीव गेला, मुलगा पोचेपर्यंत जीव घुटमळत होता. या सगळ्या बोलण्यामागे समजूत एकच आहे: शरीरात काहीतरी एक राहत होतं आणि एका क्षणी ते निघून गेलं. डॉक्टरही नाडी बघतात, घड्याळाकडे नजर टाकतात आणि दाखल्यावर वेळ लिहितात.

त्या मिनिटाला कातडीतल्या, हाडांतल्या, डोळ्यांतल्या कोट्यवधी पेशी मात्र जिवंत असतात. हे कळायला माणसाला फार मोठा काळ लागला, आणि त्या समजेचा बराचसा प्रवास शवविच्छेदनाच्या टेबलावरून झाला.

मृतदेहाकडून शिकायची ओढ जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्याची रीतच सांगितली आहे. देह गवतात गुंडाळायचा, पिंजऱ्यात ठेवायचा आणि संथ वाहत्या पाण्यात आडोशाला सात रात्री राहू द्यायचा. मग वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हलकेच घासत एकेक थर सुटा करून डोळ्यांनी बघायचा. इथे सुरीचं काम कुजण्यावर सोपवलेलं आहे. मृत्यूनंतर देहात जे बदल होतात, त्यांनाच हत्यार केलेलं आहे. शोध मात्र रचनेचा होता. हा माणूस कशाने गेला, हा प्रश्न त्या रीतीत नव्हता.

तो प्रश्न पद्धतशीरपणे विचारला इटलीतल्या पादुआचे प्राध्यापक जोव्हानी मोर्गान्यी यांनी. तोवर युरोपात आजार म्हणजे अंगभर फिरणाऱ्या चार द्रवांचा बिघाड असं मानत. मोर्गान्यींनी १७६१ साली, वयाच्या ७९व्या वर्षी, सुमारे ७०० शवविच्छेदनांचा ग्रंथ छापला. त्यात रुग्णाला जिवंतपणी काय त्रास होता आणि मेल्यावर आत काय सापडलं, हे शेजारी शेजारी मांडलं होतं. अर्धांगवायूने उजवी बाजू लुळी पडलेल्या माणसाच्या मेंदूत इजा डाव्या बाजूला दिसे. आजाराला पत्ता असतो, हे त्या ग्रंथाने दाखवून दिलं.

पुढची शंभर वर्षं हा पत्ता बारीक होत गेला. पॅरिसच्या झाव्हिए बिशा यांनी सूक्ष्मदर्शकाला हातही न लावता शरीरातल्या २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या ओळखल्या. मृत्यूची सुरुवात हृदयाकडून होते, फुप्फुसाकडून की मेंदूकडून, याचाही त्यांनी विचार केला. हे तीन मार्ग भारतातले वैद्यकीय विद्यार्थी आजही न्यायवैद्यकाच्या पुस्तकात शिकतात. बिशा १८०२ साली गेले, तेव्हा ते अवघे ३० वर्षांचे होते. १८५८ मध्ये बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांनी आपल्या व्याख्यानांतून आजार थेट पेशीपर्यंत नेला. शवविच्छेदनालाही त्यांनी शिस्त लावली. डोकं, छाती, पोट सगळं उघडायचं, एकेक अवयव बाहेर काढून तपासायचा, काहीही गृहीत धरायचं नाही.

फिर्खो शरीराला पेशींचं राज्य म्हणत. आणि इथेच ‘कुठे’ या प्रश्नाच्या पोटातून ‘केव्हा’ हा प्रश्न बाहेर आला. राज्य कोसळलं म्हणून सगळे नागरिक त्याच मिनिटाला मरतात का?

उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांना अनुभवाने थोडंफार ठाऊक होतं. “अंग ताठायच्या आत हातपाय सरळ करा” असं ते सांगत. पण अंग ताठतं का? स्नायूच्या पेशीत प्रथिनांचे बारीक धागे एकमेकांना पकडतात आणि सोडतात. गंमत अशी की पकड सोडायला ऊर्जा लागते. ती एटीपी नावाच्या रेणूतून येते. हा रेणू १९२९ मध्ये सापडला. श्वास थांबल्यावरही पेशी साठवलेल्या साखरेवर थोडा वेळ एटीपी बनवत राहते. शिल्लक संपली की धागे पकडलेल्या जागी अडकून बसतात. आधी पापण्या, जबडा आणि मान, मग हातपाय ताठतात. हे साधारण एक-दोन तासांत सुरू होतं आणि बारा तासांच्या आसपास पूर्ण होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर उतरतो. म्हणून शवविच्छेदनाच्या अहवालात डॉक्टर मृत्यूची वेळ मिनिटांत सांगत नाहीत, ‘इतक्या ते इतक्या तासांपूर्वी’ असं लिहितात.

ताठरपणा उतरतो, कारण पेशी स्वतःलाच पचवू लागते. पेशीतल्या पाचक विकरांच्या पिशव्यांना ‘लायसोझोम’ हे नाव बेल्जियमच्या क्रिस्तियान द दुव्ह यांनी १९५५ मध्ये दिलं. मृत्यूनंतर या पिशव्या फुटतात. स्वादुपिंड स्वतःच पाचकरस बनवतं, म्हणून ते लवकर विरघळायला लागतं. शवागारातलं काम ही या पचनाशी लावलेली शर्यतच असते. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला की विकरं जागच्या जागी थिजतात. विषाचा संशय असेल तर मात्र जठर, यकृत, मूत्रपिंडाचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून ठेवतात, कारण फॉर्मालिनमुळे पुढच्या रासायनिक तपासणीत अडथळा येतो. बातमीत ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असं वाचतो, त्या बरण्या याच.

दरम्यान जिवंत शरीरातही मरण सापडलं. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी पेशींच्या नियोजित मृत्यूला ‘अपॉप्टोसिस’ म्हटलं. पानगळीसाठीचा हा ग्रीक शब्द. एका इवल्याशा जंताच्या वाढीत १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ ठरल्या वेळी मरतात. हे मरण जंताच्या घडणीचाच भाग असतं.

तरीही समाजाला एक वेळ ठरवावीच लागते. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला. हृदय दुसऱ्याच्या छातीत धडधडू लागल्यावर ‘हृदय थांबलं म्हणजे माणूस गेला’ ही व्याख्या पुरेना. त्याच वर्षी हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडले. भारतात १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभाचा मृत्यू मान्य केला. त्यासाठी डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं.

पेशी मात्र कायद्याच्या घड्याळावर चालत नाहीत. २०१२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांना मृत्यूनंतर १७ दिवसांनीही मानवी स्नायूत सुप्त पण जिवंत मूळपेशी सापडल्या. २०१९ मध्ये येल विद्यापीठात, मारून चार तास झालेल्या डुकरांच्या मेंदूत खास द्रावण फिरवल्यावर पेशींची काही कामं पुन्हा सुरू झाली. जाणिवेची कोणतीही खूण त्यांत नव्हती.

एवढा लांबचा प्रवास कधीकधी साध्या घरात येऊन पोचतो. नेत्रपेढीला फोन केला की पलीकडून सूचना येतात: पंखा बंद करा, पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, आम्ही सहा तासांच्या आत येतो. डोळ्याच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात. ते बराचसा प्राणवायू थेट हवेतून घेतं. म्हणून हृदय थांबल्यावरही ते तग धरून असतं. बाहेरच्या खोलीत माणसं जमू लागलेली असतात. आत कुणीतरी उठून पंख्याचं बटण बंद करतं आणि मिटल्या पापण्यांवर कापसाच्या ओल्या घड्या ठेवतं. त्या घड्यांखाली पेशींचं काम अजून चालू असतं.