सापाच्या जिभा आणि श्रद्धेचा पाया



गेल्या महिन्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात अकरावीतल्या एका मुलाने विचारले, "फादर, आपल्या नागपुरात टाकळीच्या दगडांत साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे शंख सापडले आहेत. मग उत्पत्तीच्या पुस्तकातले सहा दिवस खोटे का?" शेजारच्या मावशी पुटपुटल्या, "देवाच्या घरी असे विचारू नये." मिस्साची वेळ होत आली होती. "पुढच्या वेळी बघू," असे म्हणून आम्ही विषय मिटवला. पुढच्या रविवारी तो मुलगा आला नाही. चूक आमची होती, म्हणून उत्तर सर्वांसमोर देत आहोत.

मुलाचे म्हणणे खरे आहे. 1845 साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळीला लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या जुन्या तळ्यांच्या गाळात गोड्या पाण्यातले शंख, फळे-बिया, माशांचे खवले आणि किड्यांचे अवशेष गोळा केले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. या दगडांमुळे त्यांनी शुभवर्तमान सांगणे सोडले नाही, आणि शुभवर्तमानामुळे दगड फेकून दिले नाहीत.

आता एक जुनी गोष्ट. प्रेषितांच्या कृत्यांत 27व्या आणि 28व्या अध्यायांत संत पौलाचे जहाज माल्टा बेटावर फुटते. तिथे विषारी साप त्याच्या हाताला डसतो, पण त्याला काही होत नाही. त्या बेटाच्या किनाऱ्यावर चुनखडकाचे थर आहेत आणि त्यांत जिभेच्या आकाराचे, टोकदार दगड मिळतात. लोक म्हणू लागले, पौलाने शाप दिलेल्या सापांच्याच या जिभा. विषबाधेवर उतारा म्हणून ते दगड युरोपभर विकले गेले. कथा भक्तीची होती, संताचे नाव वाढवणारी होती. पण ती खरी नव्हती.

1666 साली फ्लॉरेन्समध्ये निल्स स्टेन्सन या डॅनिश वैद्याने एका मोठ्या शार्क माशाचे डोके चिरून तपासले आणि दाखवून दिले की त्या 'जिभा' म्हणजे शार्कचे दात आहेत. खडक थराथराने साठतो आणि खालचा थर वरच्याच्या आधीचा असतो, हा नियम त्याने 1669 साली मांडला. याच स्टेन्सनने 1667 साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, पुढे तो धर्मगुरू झाला, 1677 साली बिशप झाला, आणि 1988 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. सापाच्या जिभा गेल्या; संत पौल जागच्या जागी राहिला.

मग खरा प्रश्न असा: देवाचा मान राखण्यासाठी खोट्याला धरून ठेवावे का? ईयोबाने आपल्या मित्रांना हेच विचारले होते, की देवाची बाजू घ्यायला तुम्ही असत्य बोलणार का? जो देव स्वतः सत्य आहे, त्याला आमच्या खोट्या साक्षीची गरज नाही. सृष्टीविषयी चुकीचे बोलून ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राचे हसे करू नये, असे संत ऑगस्टिन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच बजावले होते. उत्पत्तीचे पुस्तक थरांचे वय मोजायला लिहिलेले नाही. ही सृष्टी कोणाची, ती चांगली का, आणि तिच्यात आपण कोणाला जबाबदार, हे ते सांगते. दगड हे सांगू शकत नाहीत.

तरी एक गोष्ट मनात सलते. माणूस येण्याआधी कोट्यवधी वर्षे जीव जन्मले आणि मेले. त्यांत आपण किती लहान! राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावताना आपण हेच कबूल करतो. एका शंखाच्या नक्षीसाठी एवढा वेळ देणाऱ्या देवाला आपले एक आयुष्य विसरायला होईल, असे आम्हाला वाटत नाही.

तेव्हा पालकहो, मुलांचे प्रश्न दाबू नका. मोबाइलवर आलेला चमत्काराचा संदेश, त्यात प्रभूचे नाव आहे एवढ्यावरून, न तपासता पुढे पाठवू नका. आणि बाळा, तू हे वाचत असशील तर येत्या रविवारी मिस्सानंतर ये. टाकळीचा दगड मिळाला तर घेऊन ये. आपण दोघे मिळून बघू.

तुमचा,
धर्मगुरू