आधीं कोणास खाट?

ज्या मनुष्यास आपणांवरील आरोप काय आहे हें उमगत नाहीं, त्याचा खटला चालवूं नये, हें तत्त्व निर्विवाद आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६० सालीं याची कसोटी ठरवून दिली: आरोपीस खटल्याचें स्वरूप समजलें पाहिजे, आणि वकिलाशीं विचारविनिमय करण्याइतकें त्याचें मन ठिकाणावर असलें पाहिजे. परंतु खटला थांबला म्हणजे आरोपी सुटला असें होत नाहीं. रुग्णालयांत जागा मिळेपर्यंत तो तुरुंगांतच राहतो. दोषीहि नाहीं, निर्दोषहि नाहीं.

त्या देशांतील ओरेगन राज्यांत असे आरोपी सालेम येथील सरकारी मनोरुग्णालयांतील खाटेची वाट पाहत आठवडेच्या आठवडे कोठडींत पडून राहत. त्यांस सात दिवसांच्या आंत रुग्णालयांत घेतलेंच पाहिजे, हा निर्णय २००३ सालीं संघाच्या अपील न्यायालयानें कायम केला. निर्णय न्याय्य होता. पण हुकमानें खाटा वाढत नाहींत. आरोपींची संख्या वाढत गेली, आणि ज्यांच्यावर कसलाहि आरोप नाहीं, पण जे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवास धोकादायक म्हणून न्यायालयानें सक्तीच्या उपचारास पाठविले होते, त्यांस त्या रुग्णालयाचें दार जवळजवळ बंद झालें. ते सामान्य इस्पितळांत अडकून राहिले, आणि २०२२ सालीं त्या इस्पितळांच्या चालकांनीं राज्यावर फिर्याद केली.

येथें कोणी विचारील, गुन्ह्याचा आळ आल्यावांचून खाट मिळूं नये, हा कोठला न्याय? प्रश्न रास्त आहे. तरीहि आरोपीचा अग्रक्रम आम्हांस योग्य वाटतो. तो त्याच्या रोगाच्या तीव्रतेवर उभा नाहीं; तो सरकारच्या ऋणावर उभा आहे. दुसरा रोगीहि सक्तीनें ठेवलेला आहे खरा. पण त्याच्याभोंवतीं वैद्य व परिचारिका तरी आहेत. पहिल्याभोंवतीं गज आहेत. ज्यानें त्यास दुसऱ्या वैद्याकडे जाण्याची वाट बंद केली, त्यानेंच त्याच्या उपचाराचा भार उचलला पाहिजे.

मात्र ऋण आपल्या पदरचें फेडावें. शेजाऱ्याचीं भांडीं विकून नव्हे. एका रोग्याचा हक्क दुसऱ्याच्या खाटेंतून पुरविणें हें दारिद्र्याचें वाटप होय. शिवाय या उपचाराचा हेतुहि तपासून पाहावा. मनुष्य बरा व्हावा हा तो हेतु नव्हे. खटला चालविण्यापुरता तो शुद्धीवर यावा, एवढाच. म्हणून शुद्धीवर आलेला रोगी पुन्हां तुरुंगांत जातो, आणि तेथें त्याचें मन पुन्हां ढळलें तर तोच फेरा सुरू होतो.

असा मनुष्य शुद्धीवर येण्याची आशा नसेल, तर केवळ आरोपाच्या आधारावर त्यास अनिश्चित काळ डांबून ठेवतां येत नाहीं, असें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७२ सालींच सांगितलें आहे. ओरेगनमधील संघन्यायालयानें २०२२ सालीं याहून पुढें जाऊन किरकोळ आरोपांसाठीं रुग्णालयांतील मुक्कामास ९० दिवसांची मर्यादा घातली. आमच्या मतें प्रश्न त्याच्याहि आधीं विचारावयास हवा. कोणाच्या ओसरीवर विनापरवाना झोंपलेल्या भ्रमिष्टास खटल्यास लायक करण्यांत कोणाचें कल्याण आहे? असे खटले काढून घेऊन त्या रोग्यांस त्यांच्या गांवींच उपचार मिळाले, तर खऱ्या गंभीर आरोपीसहि खाट मिळेल, आणि निरपराध्यासहि. आधीं कोणास, हा प्रश्न सरकारास वारंवार पडत असेल, तर तें रांग चुकल्याचें लक्षण नव्हे. घर अपुरें असल्याचें आहे.