अंतर पक्ष्याने ठरवावे

शिकारी पक्ष्यांची छायाचित्रे काढायची तर धीर हवा, असे नव्याने कॅमेरा घेतलेल्या प्रत्येकाला सांगितले जाते. ऐकणारा त्याचा अर्थ ‘पुष्कळ वेळ बसून राहणे’ असा घेतो. बसावे तर लागतेच. पण सकाळभर बसून शेवटी चैन पडेना म्हणून जो गवतातून पक्ष्याच्या अंगावर चालून जातो, त्याने धीर धरला असे म्हणवत नाही. धीराची खरी कसोटी माझ्या मते एकच आहे: आपल्यात आणि पक्ष्यात किती अंतर असावे, हे पक्ष्याला ठरवू देणे.

ही कसोटी शिकारी पक्ष्यांना विशेष लागू का, हे कापशी घारीकडे पाहिले की कळते. पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळांवर ती हमखास दिसते. कावळ्याहून लहान, पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा पट्टा आणि लालभडक डोळा. बाभळीच्या वाळक्या शेंड्यावर किंवा विजेच्या तारेवर बसून ती गवतातला उंदीर शोधते. मध्येच उडून हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते, थोडी खाली येते, पुन्हा थांबते आणि मग पाय सोडून झेपावते. प्रत्येक झेपेत भक्ष्य मिळतेच असे नाही. कित्येक रिकाम्या जातात. शिवाय तिची शिकारीची मुख्य वेळ सकाळची आणि सांजेआधीची, म्हणजे नेमका छायाचित्रकाराला हवा असलेला कोवळा उजेड. आपण दहा पावले पुढे टाकली आणि ती उडाली, तर आपली एक फ्रेम जाते. तिची मात्र निवडलेली जागा जाते, हेरलेला उंदीर जातो आणि उडण्यात खर्ची पडलेली ताकद जाते. पिल्ले वाट पाहत असतील तर त्यांचा घास जातो.

अंतर पक्ष्याने ठरवायचे, तर त्याचे म्हणणे आपल्याला कळले पाहिजे. ते तो देहाने सांगतो. पिसे सैल फुगलेली, एक पाय पोटाशी घेतलेला, चोचीने पंख विंचरणे चाललेले, तर तो निर्धास्त आहे. पिसे अंगाशी घट्ट बसली, मान ताठ झाली आणि नजर गवतावरून आपल्यावर खिळली, की समजावे, हद्द आली. तिथेच थांबावे, किंवा दोन पावले मागे यावे. उडण्यापूर्वी तो बहुधा शिटतो आणि पुढे झुकतो; ही खूण ओळखणाऱ्याचे बोट वेळेवर शटरवर असते. असे वाचन करायला लागले की थांबण्याचा वेळ रिकामा राहत नाही.

पक्षी स्वतःही थांबत असतात, हेही तेव्हाच उमगते. कड्यावर रात्र काढलेली गिधाडे आणि मोठे गरुड सकाळी बराच वेळ बसूनच असतात. जमीन तापून गरम हवा वर चढू लागली, की तिच्या आधाराने फारसे पंख न हलवता ते उंची गाठतात. ज्याला हे ठाऊक आहे, तो त्यांना उडवण्यासाठी दगड भिरकावणार नाही.

कोणी विचारेल, एवढ्या दुरून चित्र कसे मिळणार? उत्तर असे, की पक्षी जवळ येतो, फक्त त्याच्या मर्जीने. तो येण्याआधी लपणात जाऊन बसावे. रस्त्यावरच्या गाडीची त्याला सवय असते. इंजिन बंद करून आत बसले तर तो पुष्कळदा तसाच बसून राहतो, दार उघडताच उडतो. सेकंदाला वीस फ्रेम टिपणारा कॅमेरा पैशाने मिळतो. हा विश्वास पैशाने मिळत नाही.

काही ठिकाणी हे अंतर फार मोठे असते, तेही मान्य करावे. हिवाळ्यात मध्य आशियाकडून आपल्या माळांवर भोवत्या, म्हणजे हॅरियर, येतात. संध्याकाळी ते थव्याने गवतात, थेट जमिनीवर रात्रीला उतरतात. त्या वेळी गवतात जीप घातली, तर अख्खा थवा अंधारात उठतो. म्हणून इंदापूरजवळच्या कडबनवाडीसारख्या माळावर गाडीने वाट सोडू नये. चित्रात पक्षी लहान आणि गवत मोठे आले तर येऊ द्यावे. तो कुठे जगतो हे सांगणारे चित्र नुसत्या चेहऱ्याच्या चित्राहून कमी मोलाचे नसते.

घरट्यापाशी तर लांब राहणे हाच नियम. एरिक हॉस्किंग हे पक्षी-छायाचित्रणातले मोठे इंग्रज नाव. १९३७ साली वेल्समध्ये घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणाकडे जाताना मादीने झडप घातली आणि त्यांचा एक डोळा गेला. इतका कसलेला माणूसही घरटे राखणाऱ्या पक्ष्याला शत्रूच वाटला. आपल्याकडचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तर वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे शिकारीतच धरतो. उंदीर किंवा कोंबडीचे पिल्लू आमिष म्हणून टाकणे, घुबडाला ध्वनिमुद्रित हाक ऐकवणे, गरुडामागे ड्रोन लावणे, या साऱ्यांत पक्ष्याचा निर्णय आपण हिरावून घेतो. मग त्यासाठी कितीही तास घातलेले असोत, त्याला धीर म्हणता येत नाही.

म्हणून माळावर जाणाऱ्या प्रत्येकाला एवढीच विनंती. निघताना, मिळालेली चित्रे पाहण्याआधी, पक्ष्याकडे पाहा. आपण आलो तेव्हा तो जे करत होता, ते त्याला आपल्यामुळे सोडावे लागलेले नसेल, तरच ते चित्र लोकांना दाखवा. आणि घरट्याचा ठिकाणा कोणालाही सांगू नका.