नावाचा धनी कोण?

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाशी त्याच्याच रथाविषयी चर्चा करतो. आस, चाके, जू यांपैकी रथ नेमका कोणता, याचे उत्तर राजाला देता येत नाही. आणि ‘रथ’ हे या अवयवांच्या आधारे रूढ झालेले केवळ एक व्यवहारनाम आहे, असा निष्कर्ष निघतो. प्लुटार्कने नोंदविलेली थीसियसच्या नौकेची कथाही याच शंकेची आहे. जुन्या फळ्या एकेक करून बदलल्या, तर अखेरीस उरते ती तीच नौका काय? तत्त्वज्ञानाच्या वर्गात ही उदाहरणे निरुपद्रवी वाटतात, कारण चाकांना आणि फळ्यांना पोट नसते. त्यांच्या जागी माणसे आली की प्रश्नाचे रूपच पालटते. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत गाजलेल्या ‘द ड्रिफ्टर्स’ या कृष्णवर्णीय गायकवृंदाची वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

1953 साली अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीचे अहमत एर्टेगुन यांनी क्लाइड मॅकफॅटर या तरुण गायकाशी करार केला आणि त्याच्याभोवती हा वृंद उभा राहिला. ब्लूजमधील व्यथा, नृत्याचा ठेका आणि चर्चमधील भक्तिगायनाचा आर्त स्वर यांच्या मिलाफातून ‘रिदम अँड ब्लूज’ घडत होते. मॅकफॅटरचा उंच पट्टीतला आवाज हे या मिलाफाचे उत्तम उदाहरण होय. त्याच वर्षीच्या ‘मनी हनी’ने या संगीतप्रकाराच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिले स्थान मिळविले. 1954 मध्ये मॅकफॅटरला सक्तीच्या लष्करी सेवेत जावे लागले. पुढे त्याने एकट्याने गाण्याचा मार्ग पत्करला आणि वृंदातील आपला हिस्सा व्यवस्थापक जॉर्ज ट्रेडवेल यांना विकला. हा व्यवहार साधा दिसतो. परंतु त्याने नाव आणि आवाज यांची कायमची फारकत केली. नाव व्यवस्थापकाचे झाले, आणि गाणारे पगारी नोकर झाले.

या फारकतीचा अर्थ 1958 मध्ये स्पष्ट झाला. वाद विकोपाला जाताच ट्रेडवेल यांनी सगळ्याच गायकांना काढून टाकले. परंतु न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील अपोलो नाट्यगृहाशी ‘ड्रिफ्टर्स’चे कार्यक्रम देण्याचा करार झालेला होता. तेव्हा त्यांनी ‘फाइव्ह क्राउन्स’ या वेगळ्याच वृंदातील गायकांना तेच नाव दिले. नागसेनाच्या रथाची चाके एकेक करून बदलली असती, तर निदान वाद घालता आला असता. येथे संपूर्ण रथ एका दिवसात बदलला आणि पाटी तेवढी जुनी राहिली.

हे फसवणुकीचेच उदाहरण, असे म्हणून आपण मोकळे झालो असतो; पण इतिहास तितका सोयीस्कर नाही. या नव्या वृंदाने 1959 साली ‘देअर गोज माय बेबी’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. लीबर आणि स्टोलर या निर्मात्यांनी त्यात व्हायोलिनादी तंतुवाद्यांचा केलेला वापर त्या संगीतप्रकारात नवा होता. मुख्य स्वर होता बेन ई. किंगचा, आणि रचनेतही त्याचा वाटा होता. पुढच्याच वर्षी ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’ या गीताने देशभरच्या यादीत अग्रस्थान पटकाविले. म्हणजे उसन्या नावाखाली अस्सल कला जन्मास आली. मात्र किंगने अधिक मोबदला मागितला तेव्हा तो नाकारला गेला, आणि 1960 मध्ये त्यालाही वृंद सोडावा लागला. त्याच्या जागी आलेल्या रूडी लुईसचे मे 1964 मध्ये ‘अंडर द बोर्डवॉक’च्या ध्वनिमुद्रणाच्या आदल्या रात्री निधन झाले. ते गीत गायिले जॉनी मूरने. नाव एक दिवसही थांबले नाही.

येथे एक विलक्षण विपर्यास लक्षात येतो. नागसेनाच्या विवेचनात नाव हा वस्तूचा सर्वांत पोकळ भाग ठरतो. बाजाराच्या व्यवहारात मात्र तोच एकमेव टिकाऊ आणि विक्रीयोग्य भाग ठरला. आवाज थकतो, लष्करात जातो, मरण पावतो. नावाला यांपैकी काहीच होत नाही, म्हणूनच मालकी हवी ती नावाची. ‘ड्रिफ्टर्स’ म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणारे. प्रत्यक्षात माणसे वाहत गेली, नाव तेवढे किनाऱ्याला बांधलेले राहिले.

यावर असा युक्तिवाद करता येईल की, नाव टिकविले म्हणूनच किंगसारख्या अपरिचिताला रंगमंच लाभला. हा युक्तिवाद मला अंशतः मान्य आहे. परंपरेचे नाव नवागताला आश्रय देते, यात शंका नाही. परंतु आश्रय आणि मालकी या भिन्न गोष्टी आहेत. मॅकफॅटरने नावात अर्थ भरला, किंगने त्यात नवा अर्थ भरला, लुईस आणि मूर यांनी तो वाढविला. ज्यांनी अर्थ भरला त्यांचा त्या अर्थावर काहीच हक्क नसावा, हे न्याय्य म्हणता येणार नाही. ओळखीचा प्रश्न तत्त्वज्ञानाने अनिर्णित ठेवला तरी चालते, मोबदल्याचा प्रश्न तसा ठेवता येत नाही. ‘हा तोच वृंद आहे काय?’ या प्रश्नाआड ‘वृंदाच्या श्रमाचे फळ कोणाला मिळाले?’ हा प्रश्न दडलेला असतो.

1988 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने या वृंदाचा गौरव केला, तेव्हा वेगवेगळ्या कालखंडांतील सात गायकांची नावे घेतली. मॅकफॅटर आणि लुईस तेव्हा हयात नव्हते. 2005 नंतर अमेरिकेतील अनेक राज्यांनी मूळ ध्वनिमुद्रणाशी संबंध नसलेल्यांनी गायकवृंदांची नावे वापरण्यावर निर्बंध घालणारे कायदे केले. या दोन्ही गोष्टी उशिराच्या असल्या, तरी त्यांत एक नैतिक जाण आहे: नाव हे व्यवहारापुरते असले, तरी त्यामागचे श्वास खरे असतात.

ही जाण श्रोत्यालाही हवी. ग्रंथालयाच्या सूचीत या सर्व ध्वनिमुद्रिका एकाच शीर्षकाखाली सापडतील, आणि व्यवहारासाठी ते योग्यच आहे. परंतु ऐकताना, हा आवाज कोणाचा, एवढे तरी आपण विचारावे. मालकाने जे दिले नाही ते श्रोत्याला देता येत नाही. पण गाणाऱ्याचे स्वतःचे नाव त्याला परत करणे, एवढे त्याच्या हाती निश्चितच आहे.